उसवलेलं सूत वाया जात नाही



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४० आणि अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४.

सगळ्यात आधी कबुली. या पानावर गेले ५८ दिवस काहीही आलेलं नाही. चार वर्षं रोज एक चिंतन लिहीत होतो. ऑफिसात रिलीज असो, ऑन-कॉलची रात्र असो, ट्रेनमध्ये नेटवर्क नसो, तरी दहा ओळी का होईना लिहिल्या जायच्या. मग कार्तिकात बाबा गेले. तेराव्यापर्यंत नाही लिहिलं, हे समजण्यासारखं होतं. पण तेरावं झालं, मी पुण्याला परत आलो, लॅपटॉप उघडून कामालाही लागलो, आणि तरीही गीता उघडली नाही. जपमाळ बॅगेतल्या कप्प्यात होती, तिथेच राहिली. रोज सकाळी वाटायचं, आज करू. आणि रोज सकाळी आतून उत्तर यायचं, आता कशाला? तुटली ना साखळी.

माझ्या फोनमध्ये जपाचं एक ॲप आहे. त्यावर सलग दिवसांचा आकडा दिसतो, ज्याला आपण सगळे ‘स्ट्रीक’ म्हणतो. माझा आकडा चार आकडी झाला होता. डिसेंबरात एकदा चुकून उघडलं तर तिथे शून्य होतं. मोठ्ठं, गोल शून्य. त्या शून्याकडे बघून मी ॲपच काढून टाकलं.

तुमच्यापैकी अनेकांचं हे झालेलं असणार म्हणून आज हे सविस्तर लिहितो आहे. कोणाचा सोळा सोमवारांचा नेम नवव्या सोमवारी मोडला असेल, कोणाचं पारायण प्रवासात अर्धं राहिलं असेल, कोणाची वारी दोन वर्षं चुकली असेल. मोडलं की आपण फक्त थांबत नाही, आपल्याला वाटतं की आधीचंही गेलं.

याचं उत्तर मला कुठल्या प्रवचनात मिळालं नाही. ते गेल्या आठवड्यात, शहापूरला, आईच्या विणकामाच्या पिशवीत मिळालं.

पिशवी

आमचं गाव शहापूर म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं. (ठाणे जिल्ह्यातलं शहापूर वेगळं, लोक नेहमी गोंधळतात.) नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की भंडारा यायच्या थोडं आधी, हायवेवर. संक्रांतीला घरी गेलो. यंदा सण नाहीच, पण आई एकटी आहे म्हणून गेलो. पौषातली थंडी, संध्याकाळी सहालाच दारं लावून घेतलेली. आई पलंगावर बसलेली आणि तिच्या शेजारी ती कापडी पिशवी, जी मी लहानपणापासून बघतो आहे. सुया, लोकरीचे गुंडे, मोजायची टेप, आणि चौकोनी वहीचा एक कागद, ज्यावर नक्षीच्या खुणा केलेल्या.

फरक एकच होता. पूर्वी पिशवी शेजारी असली की सुया हातात असायच्या. या वेळी हात रिकामे होते.

“शाल पूर्ण झाली का गं?” मी विचारलं.

“राहिली,” एवढंच म्हणाली.

ही शाल ती आषाढी एकादशीपासून बाबांसाठी विणत होती. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यान-प्रार्थनेची रीत घराघरांत आहे. बाबा पहाटेच्या ध्यानाला कधी चुकले नाहीत. ग्रामगीतेचे ४१ अध्याय त्यांचे किती वेळा वाचून झाले असतील याचा हिशोब नाही. पहाटे बसताना खांद्यावर घ्यायला हलकी पण ऊबदार शाल हवी, एवढंच कारण.

सूत

आता जरा सुताबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचा भंडारा जिल्हा टसरचा. आम्ही त्याला कोसा म्हणतो. मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे, तिथल्या मागांवर कोशाचं कापड निघतं. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली करवतकाठी साडी विदर्भाचीच. कोशाची अळी तुतीवर घरात वाढत नाही. ती रानात, ऐनाच्या (आमच्याकडे येन म्हणतात) आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर वाढते. झाडीपट्टीतले धिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत. अळ्या झाडावर सोडायच्या आणि मग पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून राखण करत दिवसदिवस झाडाखाली बसायचं. अळी चार वेळा कात टाकते, मोठी होते, आणि शेवटी एक देठ काढून फांदीला लटकणारा कोष बांधते. कोष इतका टणक की बोटाने दाबला तरी दबत नाही. सोड्याच्या पाण्यात शिजवल्यावर तो मऊ होतो आणि मग धागा सुटतो. पूर्वी बाया हा धागा उघड्या मांडीवर पीळ देत काढायच्या. मांडीची कातडी सोलवटून जायची. आता केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं आहे, त्याने तो त्रास वाचतो.

हा धागा विणकराच्या मागासाठीच असतो. सुयांवर तो फार कोणी घेत नाही, कारण रेशमाला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो. लोकरीचा तंतू कुरळा असतो, ताणला तर परत येतो. रेशीम ताणलं की ताणलेलंच राहतं, शाल स्वतःच्याच वजनाने लोंबते. म्हणून आईने युक्ती केली होती. आंधळगावच्या एका ओळखीच्या घरून मिळालेला कोशाचा बारीक धागा आणि मी पुण्याहून पाठवलेली मेरिनोची अगदी बारीक लोकर, असे दोन पदर एकत्र धरून ती विणत होती. रेशमाची झळाळी आणि लोकरीचा जीव. रंग दिलेला नाही, कोशाचा मूळचाच मधासारखा तपकिरी.

तुमच्यातले काहीजण इथे थांबतील. रेशीम म्हणजे आत जीव असताना कोष शिजवलेला ना? मग ते देवाला कसं चालतं? मीही आईला हे विचारलं होतं, कॉलेजात असताना, मोठ्या तोऱ्यात. आपल्याकडे जुन्या घरांत सोवळ्यात नेसायचा मुकटा असतो, तोही बहुतेक अशाच जाड्याभरड्या रेशमाचा. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात पवित्र वस्त्र म्हणतो त्याच्या मुळाशी मरण आहे. याला गोड उत्तर नाही, आणि मी देणारही नाही. पाखरू कोष फोडून उडून गेल्यावर उरलेल्या कोषाचंही सूत काततात. त्याचा धागा सलग राहत नाही, सूत खडबडीत होतं, पण ज्यांच्या मनाला बोचतं त्यांनी ते जरूर घ्यावं. काही बारीकपणा तर माणसाने मागूच नये. तिबेटच्या पठारावरच्या चिरूंना मारून शाहतूश काढतात, त्याच्या व्यापारावर जगभर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. उलट लडाखच्या चांगथांगमधल्या बकऱ्यांचा पश्म वसंतात विंचरून काढतात. १२ ते १६ मायक्रॉनचा तंतू, आपल्या केसाच्या जाडीच्या पाव हिस्साही नाही, आणि बकरी जिवंत राहते.

आईचं सूत मात्र शिजवलेल्या कोषाचंच होतं. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, “जीव गेला आहे हे खरं आहे. म्हणून तं त्यातला एक हातभर धागाही मी फेकत नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

१७६ मधला एक

त्या रात्री मी शाल उलगडून बघत होतो. नक्षी पानांची, जाळीदार. १२ टाक्यांचं एक पान, ओळीत १४ पानं, म्हणजे १६८, आणि दोन्ही कडांना चार-चार. एकूण १७६. जाळीच्या विणीत गंमत अशी की दोन टाके एकत्र विणून जिथे एक टाका कमी करतो, तिथे सुईवर मोकळा वेढा घेऊन एक वाढवतोही. कमी आणि जास्त यांचा हिशोब प्रत्येक ओळीत बरोबर आला पाहिजे.

आला नव्हता. मी मोजले, १७५.

आम्हा लोकांना बग दिसला की झोप येत नाही. मी उजेडाखाली शाल धरून एकेक ओळ खाली गेलो आणि सापडलं. एका ठिकाणी वेढा घ्यायचा राहिला होता. एकच. पण त्यापुढच्या प्रत्येक ओळीत त्या बाजूची पानं एका टाक्याने सरकत गेली होती, आणि वरच्या भागात पानाचा देठ पानाच्या मधोमध नव्हताच.

“आई, बावीस ओळी खाली चूक आहे. रोलबॅक करावं लागेल. उसवायचं.”

ती काही बोलली नाही. मी उत्साहात होतो. म्हटलं, बघ, तू इथे दोरासुद्धा टाकून ठेवला आहेस, त्याच्या वरचं सगळं उसवलं की झालं.

हा दोरा म्हणजे काय ते सांगतो. जाळीची वीण उसवणं धोक्याचं असतं. विणलेलं कापड म्हणजे एकच धागा, त्याच्या फासात फास अडकवलेले. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन असतात, एक तुटला तर दुसरा धरून ठेवतो. सुयांवरच्या विणीत तसं नाही. एक टाका सुटला की खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा. म्हणून जाणत्या बाया अधूनमधून एका पूर्ण ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून सुईने एक वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवतात. पुढे कितीही बिघडलं तरी उसवताना वीण त्या दोऱ्यापर्यंत येऊन थांबते. त्याच्याखाली जात नाही. आई हा दोरा दर एकादशीला ओवायची. वेगळं लक्षात ठेवायला नको म्हणून.

शेवटचा दोरा कार्तिकी एकादशीचा होता. दोऱ्यापासून सुईपर्यंत २४ ओळी. चूक त्यातल्या तिसऱ्या ओळीत.

“आई?”

“त्या ओळी दवाखान्यातल्या आहेत, बापू,” ती म्हणाली.

कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी बाबांना ॲडमिट केलं होतं. नऊ रात्री ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होती. मी आत-बाहेर, औषधं, फोन, कागद. ती विणत होती. तेव्हा मला तिचा थोडा रागही आला होता, अशा वेळी हिला विणणं कसं सुचतं. ती टाक्यागणिक नाम घेत होती हे मला माहीत नव्हतं. एरवी प्रत्येक ओळ संपली की टाके मोजणारी माझी आई, त्या नऊ रात्री तिने एकदाही मोजलं नव्हतं.

माझी वाचाच बसली. चार हजारांहून जास्त टाके, आणि प्रत्येक टाक्याला एक नाम. आणि मी म्हणत होतो, रोलबॅक.

मग मी उलटा फिरलो. म्हटलं, नको उसवू. पुढच्या ओळीत एक टाका वाढव, हिशोब जुळेल, कोणाला कळणारही नाही. आमच्याकडे याला हॉटफिक्स म्हणतात. ती हसली नाही. शाल घडी घालून उशाशी ठेवली आणि दिवा मालवला.

अर्जुनाचा प्रश्न

त्या रात्री झोप लागली नाही आणि ५८ दिवसांनी मी गीता उघडली. कपाटातली, बाबांची. सहावा अध्याय.

तिथे अर्जुन एक प्रश्न विचारतो. मला नेहमी वाटतं की तो प्रश्न सातशे श्लोकांमधला सगळ्यात आपला आहे. तो विचारतो, की एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न पुरा पडला नाही, मन ढळलं, तर त्याचं काय होतं? संसारही नीट धरला नाही आणि योगही साधला नाही, असा दोन्हीकडून सुटलेला माणूस वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना? आणि पुढे म्हणतो, ही शंका तुझ्याशिवाय कोणी फेडू शकणार नाही.

बघा, प्रश्न वाईट माणसाचा नाही, अर्धवट राहिलेल्याचा आहे. स्ट्रीक तुटलेल्याचा आहे.

भगवंत उत्तर देतात ते आधी हाक मारून. त्या श्लोकात अर्जुनासाठी ‘तात’ असा शब्द आला आहे. संस्कृतात हा शब्द मोठा गोड आहे. तो वडिलांनाही म्हणतात आणि वडील लेकरालाही म्हणतात. मी तो शब्द कितीतरी वेळा वाचला असेन. त्या रात्री तो वाचताना माझ्या हातात बाबांचं पुस्तक होतं, त्यावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि मी पहिल्यांदा नीट रडलो.

हाक मारून भगवंत सांगतात ते माझ्या शब्दांत असं. जो भल्या वाटेवर चालला त्याचा नाश इथेही होत नाही आणि पुढेही होत नाही. त्याची वाट तुटली तर तो नव्या जन्मात आधीचीच बुद्धी घेऊन येतो आणि तिथून पुढे प्रयत्न करू लागतो. जुना अभ्यास त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, ओढून नेतो. हेच बीज दुसऱ्या अध्यायात आधीच पेरलेलं आहे. या वाटेवर केलेला आरंभ बुडत नाही, त्याचा उलटा परिणामही होत नाही, थोडंसं केलेलंही मोठ्या भयातून तारतं.

आधीचीच बुद्धी घेऊन, तिथून पुढे. शून्यापासून नाही. ॲपचा हिशोब आणि भगवंताचा हिशोब यांत हा फरक आहे. ॲप सलग दिवस मोजतं. एक दिवस चुकला तर मागचे हजार दिवस त्याच्या लेखी नाहीत. भगवंताकडे ते हजार दिवस तसेच जमा आहेत.

पहाट

पहाटे पाचला आईच्या हालचालीने जाग आली. ती ध्यानाला बसली होती, बाबांच्या जागेशेजारी. बाबांची जागा रिकामी. मीही जाऊन बसलो. जमलं नाही फारसं, पण बसलो.

ध्यान झाल्यावर तिने दिवा लावला, शाल घेतली आणि सुई सरळ ओढून काढली. १७५ टाके उघडे पडले. मी घाबरून म्हटलं, “आई, राहू दे गं. त्या ओळी राहू दे.”

ती म्हणाली, “काहून? सूत तं तेच आहे न बापू. मी नाव घेतलं ते टाक्यात नोको पाहू. टाके उसवतात. घेतलेलं नाव उसवते का?”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “वरून टाका वाढवला असता तं लोकांना दिसलं नसतं. पन पहाटेच्या बैठकीत बसायची शाल आहे. आत चूक आहे हे मला माहीत असलेलं वस्त्र मी तिथं कसं ठेवू? आनि फेकताही येत नाही. किती जिवांचं सूत आहे.”

आम्ही दोघांनी मिळून उसवलं. ती टाके सोडत होती, मी धागा गुंडाळत होतो. जाळीची वीण भराभर उसवता येत नाही. रेशीम सुळकन सुटतं, पण लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात, ओढलं तर तुटतात. प्रत्येक फास हलक्या हाताने सोडवावा लागतो. दोन तास लागले. मध्ये एका ओळीला ती थांबली. म्हणाली, “ही त्या दिवशीची, बाबांनी पानी मागितलं होतं.” मग तीही ओळ उसवली.

आणि वीण एकादशीच्या दोऱ्यापाशी येऊन थांबली. सगळे १७६ टाके पांढऱ्या सुती दोऱ्यावर शांत उभे होते. मी तीन वेळा मोजले.

उसवलेलं सूत मात्र सरळ नव्हतं. इतके दिवस फासांत राहिल्यामुळे त्याला बारीक बारीक वळ्या पडल्या होत्या. मला वाटलं, हे आता कसलं कामाचं. आईने खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली, पिळली नाही, फक्त टॉवेलात दाबली, आणि दांडीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी वळ्या बऱ्याचशा गेल्या होत्या. पूर्ण नाही. थोडी आठवण सुतात राहतेच. ती पुन्हा विणताना जाते, असं ती म्हणाली.

आपल्यासाठी

यातून मी जे घेतलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं. स्वस्त सूत असतं तर आम्ही तो तुकडा बाजूला टाकून नवा गुंडा आणला असता. सूत मोलाचं होतं म्हणून उसवण्याचे कष्ट घेतले. संत नरदेह दुर्लभ आहे असं पुन्हा पुन्हा सांगतात, तेव्हा मला पूर्वी वाटायचं की हे आपल्याला घाबरवण्यासाठी आहे. आता वाटतं, हा धीर आहे. मोलाचं आहे म्हणून फेकू नको. बिघडलं असेल तर उसव आणि त्याच धाग्याने पुन्हा घे.

दुसरं. उसवणं आणि सोडणं एक नाही. ५८ दिवस मी साधना सोडली होती आणि त्याला मी शोक असं नाव दिलं होतं. शोक खरा होता. पण त्याच्या आडोशाला आळस आणि रुसवाही होता, देवावरचा रुसवा. ते वेगळं करणं म्हणजे उसवणं. ‘काही वाया जात नाही’ हे वाक्य ऐकून कोणी आरामात बसणार असेल तर त्याने अर्जुनाचा प्रश्न पुन्हा वाचावा. तो प्रश्न तळमळणाऱ्याचा आहे. आणि चुकीवर वरून टाका वाढवून पुढे जाणं, हे तर आपल्या पिढीला फार छान जमतं. हिशोब जुळतो, नक्षी सरकलेली राहते.

तिसरं. दोरा ओवून ठेवा. आईने तो चूक झाल्यावर नाही ओवला. सगळं ठीक चाललेलं असताना, दर एकादशीला, काहीही गरज दिसत नसताना ओवत गेली. म्हणून नऊ रात्रींचा कल्लोळ त्याच्या खाली जाऊ शकला नाही. पंधरा दिवसांतून एक उपवास, रोजचं दहा मिनिटांचं नाम, आठवड्यातून एकदा सोबत बसून केलेली प्रार्थना, हे त्या त्या दिवशी फार काही देतात असं वाटत नाही. पण ज्या दिवशी सगळं सुटायला लागतं त्या दिवशी सुटणं कुठेतरी थांबतं ते त्यांच्यापाशी. माझंही तसंच झालं. मी बाबांचं पुस्तक उघडू शकलो, कारण लहानपणी पहाटे झोपाळलेल्या डोळ्यांनी त्यांच्या मांडीला टेकून बसलो होतो. तो दोरा त्यांनी ओवला होता. मला तो माहीतही नव्हता.

आणि एक गोष्ट, जी बोलायलाच हवी. शाल उसवून पुन्हा विणता येते. माणूस परत येत नाही. आई अजूनही दुपारी चहाचे दोन कप काढते आणि एक परत ठेवते. गीता वाचून हे थांबलेलं नाही, थांबावं असंही मला वाटत नाही. भगवंतांनी अर्जुनाला तुला दुःख होणार नाही असं वचन दिलेलं नाही. तुझं केलेलं बुडणार नाही, एवढं दिलं आहे. सध्या मला तेवढं पुरतं आहे.

आपल्या परंपरेत नामदेव महाराज शिंपी, गोरोबा कुंभार, कबीर विणकर. कबीराच्या मागावर देव स्वतः येऊन बसला ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. मला आता त्या कथेतली एक गोष्ट जाणवते. देव वस्त्र पूर्ण झाल्यावर बघायला आलेला नाही, तो काम चालू असताना आला आहे. मागावर अर्धवट कापड असताना. आपल्याकडेही तो अर्ध्या कामातच येणार, कारण आपल्यापाशी दुसरं काही नसतं.

निघायच्या आदल्या रात्री आईने पहिली ओळ पुन्हा घातली. दुसरी, उलट टाक्यांची साधी ओळ तिने मला विणायला दिली. १७६ टाके. मला पाऊण तास लागला, दोन टाके सुटले, तिने ते क्रोशाच्या सुईने उचलून दिले. ओळ संपल्यावर म्हणाली, “मोज.”

मोजले. १७६.

“शाल कोणासाठी आता?” मी विचारलं.

“जो पहाटे बसंल त्याच्यासाठी,” ती म्हणाली, आणि सुया पिशवीत ठेवल्या.

आजचा छोटा संकल्प: तुमचा जो नेम मोडला आहे तो एकच आठवा. किती दिवस मोडला ते मोजू नका. शेवटचा दोरा कुठे ओवला होता तेवढं शोधा, कुठला अध्याय, कुठली माळ, कोणासोबतची कुठली सकाळ. आज फक्त तिथून पुढची एक ओळ घ्या. माझी आजची ओळ ही होती.

उद्या सहाव्या अध्यायाचे शेवटचे तीन श्लोक.

जय गुरुदेव. राम कृष्ण हरी.